कॅलिफोर्नियात नोटरी होताना: हमीपत्रावरील नावाची दुरुस्ती
कॅलिफोर्नियात सहा तासांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, लेखी परीक्षा आणि बोटांच्या ठशांवरून होणारी तपासणी पार पडल्यावर मला नोटरीचे चार वर्षांचे नियुक्तिपत्र मिळाले. मात्र 15,000 डॉलरच्या हमीपत्रावर (नोटरीच्या चुकीने कोणाचे नुकसान झाल्यास भरपाईची हमी देणारा दस्तऐवज) ते देणाऱ्या कंपनीने माझे मधले नाव, म्हणजे वडिलांचे नाव, गाळले होते. नियुक्तिपत्र आणि हमीपत्र या दोन्हींवरील नाव तंतोतंत जुळावे लागते आणि मुदत सुरू झाल्यापासून 30 दिवसांत शपथ व हमीपत्र काउंटी क्लार्ककडे (काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाखल न झाल्यास त्या नियुक्तीवर काम करता येत नाही, म्हणून मी नियुक्तिपत्राची प्रत पाठवून सुधारित मूळ हमीपत्र तातडीने मागवले आणि स्वतः कार्यालयात जाऊन दिले. वडिलांचे नाव लावणाऱ्या आपल्या मंडळींनी अर्जापासून शिक्क्यापर्यंत नावाचे एकच रूप ठेवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.