पीसीओएस एकच नसतो: या चुका टाळा

माझ्या सोळा वर्षांच्या भाचीच्या सोनोग्राफी रिपोर्टवर 'पीसीओडी' (पीसीओएसचंच बोलीतलं नाव, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांची गडबड) असं लिहून आलं आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या घरात तीन दिवस रडारड चालली. पाळी सुरू होऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. खरं तर पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊच नये. त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही बारीक फॉलिकल (अंडी असलेल्या छोट्या पिशव्या) भरपूर दिसतात. नुसत्या सोनोग्राफीवरून मुलीला पेशंट ठरवणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

मोठ्या बायकांसाठीचे निकष 2003 साली रॉटरडॅमला ठरले. पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढणं (रक्तात किंवा हनुवटीवरच्या राठ केसांत) आणि अंडाशयात फॉलिकल जास्त असणं, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. शिवाय थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) यांसारखी दुसरी कारणं आधी तपासून बाजूला काढायची. यातून चार प्रकार होतात. ए मध्ये तिन्ही, बी मध्ये पहिल्या दोन. सी मध्ये पाळी अगदी वेळेवर, पण बाकीच्या दोन असतात. डी मध्ये पुरुषी संप्रेरकं ठीक, पण पाळी लांबते आणि फॉलिकल जास्त असतात.

म्हणून "पाळी महिन्याला येते, मला कुठला पीसीओएस?" असं म्हणून हनुवटीवरचे केस नुसते काढत राहू नका.

इन्सुलिनची गडबड ए आणि बी मध्ये साधारणपणे जास्त आढळते, डी मध्ये कमी. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) बनवायला लावतं. या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिनही यकृतात कमी बनतं, मग मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पण प्रकार कुठलाही असो, साखर तपासायचीच, बारीक असलात तरी. आपल्याकडे वजन बेताचं आणि पोट सुटलेलं असं पुष्कळ दिसतं. कंबर 80 सेंमीच्या वर गेली की सावध व्हा. फक्त उपाशीपोटीची साखर बघून थांबू नका. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त सांगते.

आणि आपली खास कोल्हापुरी चूक: "साखर बंद केली, आता चहात गूळच घालते." गूळ आपल्या मातीतला, मलाही जिवापाड आवडतो, पण त्यातही बहुतेक साखरच असते.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासलं तर आकडा फसवा येतो. गोळ्या निदान तीन महिने बंद हव्यात, तेही डॉक्टरांना विचारून, आणि तेवढ्या काळात दुसरं साधन वापरून.

शेजारणीला मेटफॉर्मिन (इन्सुलिनची गडबड कमी करणारं मधुमेहाचं औषध) लागू पडलं म्हणून तिच्या चिठ्ठीवर औषध आणू नका. तिचा प्रकार ए असेल, तुमचा डी. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा प्रकार कुठला?" आणि तीन महिने पाळी आलीच नसेल तर वाट बघत बसू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यावर उपचार लागतात.