जुनं एस्प्रेसो मशीन आणलं? प्लग आत्ताच लावू नका

नागपुरातल्या बंद पडलेल्या कॅफेचं मशीन स्वस्तात घरी आलं, की लगेच चालू करून पाहायची घाई होते. थांबा. आधी बोल्ट खोलून बॉयलरमधला हीटर बाहेर काढा. बोअरच्या पाण्यावर चाललेलं असेल तर त्यावर चुन्याचा थर असणारच. माझ्या हीटरवरचा थर टिचकी मारली तर अंड्याच्या टरफलासारखा निघाला. खरवडू नका. लिटरभर कोमट पाण्यात 30 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून दोन-तीन तास बुडवा, वायरीची टोकं मात्र कोरडी ठेवा.

वाळल्यावर मल्टिमीटर लावा. 3000 वॉटच्या हीटरची दोन टोकं साधारण 18 ओहम दाखवतात. टोक आणि धातूचं अंग यांच्यात जोड दिसली, तर हीटर बदला. नाहीतर शॉक ठरलेला.

वायसर बदलाच. सेफ्टी व्हॉल्व्ह तर नवाच घ्या, इथं काटकसर नको. अर्थिंग नीट आहे ना, तेही वायरमनकडून बघून घ्या. बॉयलर भरल्याशिवाय हीटर चालू करायचा नाही. प्रेशरचा काटा 1 ते 1.2 बारच्या आसपास थांबला पाहिजे.

पहिले चार-पाच कप सांडून द्या, आंबट लागतील. चिखलदऱ्याची कॉफी त्यानंतर काढा.