बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग : पहिल्या युरोपवारीच्या दहा रात्रींची आखणी

नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झाली, हातात थोडे पैसे साठले, की युरोपचा विषय निघतो आणि पहिली चूक लगेच होते. स्वस्त दिसलं म्हणून विमानाचं तिकीट काढलं जातं. मग कळतं की व्हिसा केंद्रात दीड महिना तारीख नाही, आणि काढलेलं तिकीट परत करता येत नाही. क्रम उलटा हवा. आधी रात्री मोजायच्या, त्यावरून व्हिसा कोणत्या देशाचा मागायचा ते ठरतं, आणि विमान, हॉटेल, रेल्वे हे सगळं त्यानंतर.

उदाहरणासाठी ही तीन शहरं घेतली आहेत, कारण ती एकाच रेल्वेमार्गावर ओवलेली आहेत, तिन्ही देश (हंगेरी, ऑस्ट्रिया, चेकिया) शेंगेन गटात आहेत (म्हणजे एकाच व्हिसात काम होतं) आणि पॅरिस-झुरिकपेक्षा इथला मुक्काम खिशाला झेपतो.

आधी कॅलेंडर

दहा रात्रींत तीन शहरं ही कमाल मर्यादा समजा. चौथं शहर घुसवलं की सामान आवरणं, स्टेशन, नवी खोली यात एक अख्खा दिवस जातो.

मुंबईहून शुक्रवारी रात्री निघा आणि आखाती देशांतून किंवा इस्तंबूलमार्गे शनिवारी बुडापेस्टला पोहोचा. शनि, रवि, सोम या तीन रात्री तिथे. मंगळवारी व्हिएन्ना, तिथे चार रात्री. पुढच्या शनिवारी प्राग, तीन रात्री, आणि मंगळवारी परतीचं विमान. बुधवारी घरी. ऑफिसातून आठ दिवसांची रजा लागते.

हे वार उगाच निवडलेले नाहीत. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी. म्हणून रविवार व्हिएन्नात पडू दिलेला नाही. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात. बुडापेस्टचा सोमवार गरम पाण्याच्या कुंडांना द्या (सेचेनी हे १९१३ सालचं, सगळ्यांत प्रसिद्ध), प्रागचा सोमवार किल्ल्याला. प्रागचं ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं, ते रविवारी करा. इंटरनेटवरचा तयार आराखडा जसाच्या तसा उचलला की नेमकी हीच दारं बंद मिळतात.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. नाताळचे बाजार पाहायचे तर डिसेंबर, पण तेव्हा साडेचारच्या आत अंधार पडतो आणि पारा शून्याखाली जाऊ शकतो.

व्हिसा : गाडं अडतं ते इथे

नियम असा की ज्या देशात सगळ्यांत जास्त दिवस, त्याच देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. वरच्या आखणीत चार रात्री व्हिएन्नात आहेत, म्हणून विमान बुडापेस्टला उतरत असलं तरी अर्ज ऑस्ट्रियाचा. ‘हंगेरीच्या तारखा लवकर मिळतात’ म्हणून तिकडे अर्ज करायचा असेल तर मुक्कामही खरोखर तिकडे जास्त करा. एका देशाचा व्हिसा काढून दुसरीकडेच राहणं सीमेवर किंवा पुढच्या अर्जाच्या वेळी अंगाशी येऊ शकतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस धरले जातात, पण शंका आली तर ४५ दिवसही लागू शकतात. आपल्याकडे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर केंद्रं तुडुंब भरतात, म्हणून अडीच-तीन महिने आधीची तारीख धरा. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो (जून २०२४ पासून), शिवाय केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि सगळे दिवस झाकणारा. विमा एक दिवसाने कमी पडला तरी अर्ज अपुरा ठरतो. व्हिसा नाकारल्यास हप्ता परत मिळेल अशी पॉलिसी घ्या.

नोकरी करणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र आणि आयटीआर जोडायचा. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाईड, पालकांचं खर्च उचलण्याचं पत्र आणि पालकांच्याच खात्याचा उतारा. बँकेचा उतारा सही-शिक्क्याचा हवा. कोणत्या देशाला किती महिन्यांचे कागद लागतात हे थोडं वेगवेगळं असतं, तेव्हा त्या देशाची यादी छापून टिकमार्क करत जा.

अर्ज फसतात ते कागद कमी पडल्यामुळे कमी, आणि कागद एकमेकांशी न जुळल्यामुळे जास्त. खात्यात वर्षभर वीस-तीस हजार खेळतात आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक तीन लाख येतात. तपासणारा पहिला तिथेच थांबतो. मामाने किंवा मोठ्या भावाने पैसे दिले असतील तर तसं पत्र आणि त्यांचा उतारा जोडा, लपवू नका. हॉटेलच्या तारखा, विम्याच्या तारखा, रजेच्या तारखा आणि सोबतच्या पत्रातला कार्यक्रम हे चारही कागद शेजारी ठेवून एकदा मिळवून बघा. हॉटेलं या टप्प्यावर फुकट रद्द करता येणारीच बुक करा आणि विमानाचं फक्त आरक्षण जोडा.

मराठी माणसाची एक खास अडचण नावाची. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकत्र असतं. ते सगळीकडे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. अर्जात वडिलांचं नाव आणि तिकिटात नाही, असा घोळ विमानतळाच्या काउंटरवर निस्तरत बसावा लागतो.

व्हिसा हातात आला की स्टिकर तिथेच वाचा. दोन तारखांमधला काळ वेगळा आणि ‘मुक्कामाचे दिवस’ हा आकडा वेगळा. राहता येतं ते या आकड्याइतकंच. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणजे आपल्या दहा रात्रींचे अकरा दिवस होतात.

विमान आणि रेल्वे

जाणं बुडापेस्टला आणि येणं प्रागहून असं तिकीट शोधा. बुकिंगच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसलं तरी परत पहिल्या शहरात यायला रेल्वेभाडं आणि दिवस जातो. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडू नका. मधल्या विमानतळावर सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनावरून व्हिएन्ना सुमारे २ तास ४० मिनिटं, व्हिएन्नाहून प्राग सुमारे ४ तास. ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ ही सवलतीची तिकिटं लवकर काढली तर निम्म्याहून कमी दरात मिळू शकतात, पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. म्हणून व्हिसा आला की त्याच दिवशी काढा, आधी नाही. आसनाचं आरक्षण वेगळं असतं. थोडे पैसे वाचवायला ते टाळलं तर शुक्रवार-शनिवारी दारात बॅगेवर बसून जावं लागतं, आणि आपला प्रागचा प्रवास नेमका शनिवारी आहे.

फलकांवर नावं स्थानिक भाषेत असतात. व्हिएन्ना म्हणजे जर्मनमध्ये वीन, हंगेरियनमध्ये चक्क बेच. प्राग म्हणजे प्राहा आणि उतरायचं ते मुख्य स्टेशन, ह्लाव्नी नाद्राझी. व्हिएन्नात एकच गाडी माइडलिंगलाही थांबते आणि हाउप्टबानहोफलाही (मुख्य स्टेशन); तिकिटावर कोणतं आहे ते पाहून उतरा. सीमा कागदावर खुली असली तरी गाडीत पोलीस तपासू शकतात, म्हणून पासपोर्ट अंगावरच ठेवा.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात टप्प्याटप्प्याने नवी प्रवेशनोंदणी सुरू झाली. पहिल्या खेपेला सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे रांग लांबू शकते. उतरल्यावर दोन तासांच्या आतलं कुठलंही बुकिंग ठेवू नका.

पैसे

तीन देश, तीन चलनं: फोरिंट, युरो, कोरुना. फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) फक्त युरो भरले तर बुडापेस्ट-प्रागला प्रत्येक वेळी रूपांतराचा आकार कापला जातो, अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. परकीय चलनावर आकार न लावणारं एखादं कार्ड असेल तर तेच मुख्य ठेवा, दुसरं वेगळ्या बॅगेत. आपली कार्डं मुळात देशापुरतीच चालू असतात, परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा. इथलं सिम रोमिंगवर चालू राहील असं बघा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि ऑनलाइन तिकीट अडतं. डेटासाठी ई-सिम घ्या आणि इथल्या सिमचा डेटा बंद ठेवा.

एटीएम किंवा दुकानातलं मशीन ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारेल. कायम ‘नाही’. स्थानिक चलन निवडा, नाहीतर मशीनवाल्याने ठरवलेला महागडा दर लागतो. पर्यटकांच्या चौकातली रंगीबेरंगी एटीएम टाळून बँकेच्या इमारतीतलं वापरा.

प्रागमध्ये ‘शून्य कमिशन’ लिहिलेल्या खिडक्या दरात कापतात. नोटा देण्याआधी ‘इतक्या युरोंचे हातात किती कोरुना?’ हे कागदावर लिहून मागा. फसगत झालीच तर एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे: १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, त्याच खिडकीवर रद्द करता येतो.

विमान आणि व्हिसा सोडून रोजचा अंदाज: हॉस्टेलची खाट २५ ते ४५ युरो, खाणं २० ते ३०, प्रवेशतिकिटं आणि प्रवास १५ ते २०. व्हिएन्नात वरचे आकडे धरा. वय १९ च्या आत असेल तर तिथल्या कलेतिहास संग्रहालयासारख्या केंद्रीय संग्रहालयांत प्रवेश फुकट आहे. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र न्यावं.

शहरात फिरताना

मेट्रोला फाटक नसतं म्हणून तिकीट लागत नाही असं नाही. साध्या कपड्यांतले तपासनीस असतात आणि दंड जागेवर भरावा लागतो. कागदी तिकीट विकत घेणं पुरेसं नाही, ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. पर्यटक पकडले जातात ते बहुधा याच कारणाने. बुडापेस्टचं साधं एकेरी तिकीट ट्रॅम बदलली की संपतं, प्रागचं ३० किंवा ९० मिनिटं कुठेही चालतं. तीन रात्रींसाठी दोन्हीकडे ७२ तासांचा पास सोयीचा. प्रागला तास शिक्क्यापासून मोजतात, तेव्हा पहिल्या प्रवासाआधी मारू नका.

विमानतळावरून येताना बुडापेस्टची १००-ई ही थेट बस वेगळ्या तिकिटावर चालते, साधं तिकीट तिच्यात चालत नाही. तेच अंतर २००-ई बस आणि मेट्रोने साध्या तिकिटांत (बसचं एक, मेट्रोचं एक) होतं, वीसेक मिनिटं जास्त लागतात. प्रागला परतीच्या दिवशी मेट्रोच्या हिरव्या मार्गाने नाद्राझी वेलेस्लावीनपर्यंत जा आणि तिथून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस घ्या. टॅक्सीची गरज नाही.

बुडापेस्टच्या संसद भवनाची आणि व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याची तिकिटं वेळ ठरवून मिळतात, ती आठवडाभर आधी ऑनलाइन काढा. बाकी आदल्या रात्री ठरवलं तरी चालतं.

खाणं आणि बॅग

शाकाहारी असाल तर सूपपासून सावध. व्हिएन्नाचं फ्रिटाटेनझुप्पे, म्हणजे धिरड्याच्या पट्ट्यांचं सूप, दिसतं निरागस, पण पाणी गोमांसाचं असतं. विचारायचं असं: जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश?’, चेकमध्ये ‘बेज मासा?’, हंगेरियनमध्ये ‘हूश नेल्क्यूल?’ पोट भरण्यासाठी बुडापेस्टला लांगोश (आपल्या भटुऱ्याचा जाडजूड भाऊ, तळण कशात ते विचारा), प्रागला तळलेलं चीज, आणि फलाफल सगळीकडे. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटली विकत घेऊ नका.

घरून चिवडा, ठेपले, कोरडी चटणी खुशाल न्या. पेढे, तूप, खवा आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, आई कितीही म्हणाली तरी.

बॅग पाठीवरची ४० लिटरची पुरते. प्रागच्या दगडी गल्ल्यांत छोट्या चाकांच्या बॅगेची चाकं निखळतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांच्या आतली चालते, म्हणजे २०,००० एमएएचची (७४ वॉट-तास) अडचण नाही. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटात बसतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॉप्टर लागतो. कुंडांसाठी पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला घ्या, आणि सेचेनीच्या लांब पोहण्याच्या तलावात उतरायचं असेल तर टोपीही.

स्टेशनांतल्या शौचालयांना पन्नास सेंट ते एक युरो पडतो, सुटी नाणी खिशात ठेवा. शेवटच्या दिवशी उरलेल्या कोरुनांची नाणी मात्र विमानतळाआधीच्या सुपरमार्केटात संपवा. चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत.