चालू खणीवर पक्षी बघायचे तर आधी पंप बघा

कोल्हापुरात खण म्हटलं की पाण्यानं भरून निवांत झालेला खड्डा डोळ्यांपुढं येतो. इराणी खण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि रंकाळाही मुळात दगडाची खणच होती असं सांगतात. टोपसारख्या भागातल्या चालू खणीची तऱ्हा निराळी. तिथं पोकलेन फिरतं, सुरुंग लागतात, आणि पाण्याची कड दर आठवड्याला जागा बदलते. गेल्या रविवारी शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) उभे होते तिथं आज कमरेएवढं पाणी असेल. म्हणून पहिला प्रश्न मुकादमांना: "मामा, पंप कुठल्या खड्ड्यावर आहे, आणि पाणी सोडलंय कुठं?"

उताराच्या कडेचा खड्डा उपसला की ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तुतवार, कंठेरी चिखल्या, धोबी चरताना दिसतात. उभ्या कातळाच्या खड्ड्यात मात्र कितीही उपसा झाला तरी चिखल निघत नाही. तिथं पंपाच्या पाइपचं दुसरं टोक शोधा. पक्षी तिकडं असतात. क्रशरच्या ताज्या करड्या भुकटीत खायला काही नसतं, तिथं वेळ घालवू नका. काही आठवडे मुरलेला, वर हिरवट शेवाळ धरलेला गाळ खरा कामाचा.

हा गाळ माणसाला मात्र फसवतो. वरची साय वाळून तडकते, पाऊल ठेवलं की मांडीपर्यंत आत. त्यावर कधीच पाय टाकू नये, काठीनं चाचपूनसुद्धा नाही. मालकाची परवानगी आदल्या दिवशीच घ्या आणि सुरुंगाची वेळ विचारून ठेवा. भोंगा वाजायच्या आत किमान अर्धा किलोमीटर लांब, खणीच्या लोकांनी दाखवलेल्या जागी थांबा. हेल्मेट आणि चमकणारं जाकीट हवंच. पक्षी बुजतील म्हणून मातकट कपडे घालणं इथं धोक्याचं, कारण डंपरच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसायला हवं. खडीच्या ढिगावर चढू नका, तो पायाखालून घसरतो. मुरमाच्या कडेपासून तिच्या उंचीइतकं मागं राहा. पावसाळ्यात जाऊच नये. भिजलेला मुरूम सूचना न देता ढासळतो.

बुजण्याची काळजी दुसऱ्या रीतीनं मिटते. खणीवरचे पक्षी यंत्रांना सरावलेले असतात, चालत येणाऱ्या माणसाला नाही. गाडी डंपरच्या वाटेतून बाजूला, मुकादम सांगतील तिथं लावा, इंजिन बंद करा आणि आतूनच बघा. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका. सकाळी पूर्वेच्या अंगाला बसून पश्चिमेकडं बघितलं तर ऊन पाठीशी येतं आणि समोरची कातळभिंतही उजळते. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. लांबच्या गाळावरचे टिलवे (चिमुकले चिखलपक्षी) ओळखायला २० ते ६० पटीचा स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, आणि तिपाई लागते. भिंगावरची धूळ आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) उडवा, मगच कापड लावा. कोरडं पुसलं की दगडाचे कण भिंगावर चरे पाडतात.

ओळखताना सगळ्यात मोठी चूक पायांच्या रंगावरून होते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर, हे पाठ असतं. पण गाळात उभा राहिला की दोघांचेही पाय एकसारखे करडे दिसतात. पक्षी स्वच्छ पाण्यात शिरून बाहेर येईपर्यंत थांबा, नाहीतर वहीत नुसतं 'टिलवा' लिहा. तुतवाराच्या बाबतीत छातीच्या बाजूनं पंखापुढं वर चढलेली पांढरी पाचर बघा, ती गाळानं झाकत नाही. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडंही तसंच भरवशाचं. स्थलांतरित पक्षी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात.

त्यानंतर खणीवर घरट्यांचे दिवस असतात आणि निरीक्षकाची जबाबदारी वाढते. मुरमाच्या उभ्या कापात वेडे राघू बिळं करतात. बिळाच्या खालच्या ओठावर पायांच्या दोन समांतर खाचा आणि ताजी माती दिसली तर बीळ वापरात आहे. तो काप मुकादमांना प्रत्यक्ष दाखवा आणि जूनअखेरपर्यंत त्या बाजूचा मुरूम उचलू नका अशी विनंती करा. दुसरीकडून मुरूम काढणं बहुतेक वेळा जमतं, फक्त वेळेवर सांगायला हवं.

टिटवीची अंडी बहुधा चार, उघड्या खडीवर, खडीच्याच रंगाची. टिटवीचा ओरडा वाढत गेला की तुम्ही जवळ चाललाय. आल्या वाटेनं, पायाखाली बघत मागं फिरा. ऊन तापल्यावर टिटवी खणीच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही तिला अडवून धरलंत तर उघडी अंडी तापून मरतात. घरट्यापासून पाच-सहा पावलांवर तीन-चार मोठे दगड मांडून ड्रायव्हरला जागा दाखवायची, आणि तेही टिटवी उठलेली असताना मिनिटाभरात उरकायचं.

जुन्या कातळभिंतीच्या कपारीखाली पांढरे ओघळ दिसले तर लांबूनच दुर्बिणीनं नीट न्याहाळा, शृंगी घुबड असू शकतं. त्याच्या घरट्याची जागा कुणालाही कळवू नका, फोटोही टाकू नका.

वहीत प्रत्येक फेरीला तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, पक्ष्यांची संख्या यांबरोबर तीन गोष्टी टिपा: पंप चालू होता की बंद, भिंतीवरच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपासून पाणी किती खाली होतं, आणि पोकलेन कुठल्या बाजूला होतं. ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) यादी भरताना हे शेऱ्यात लिहा. ही नोंद नसेल तर मागच्या जानेवारीत चाळीस टिलवे होते आणि यंदा चारच का, याचं उत्तर यादीत सापडत नाही.