जवळिकीचे प्रसंग बसवताना या चुका टाळा : सांगली-साताऱ्याच्या नाटक ग्रुपसाठी आणि शूटिंगवाल्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कुठल्या ना कुठल्या ग्रुपची गाडी याच ठिकाणी अडते. संहितेत ओळ असते, ‘दोघं जवळ येतात. अंधार.’ लेखक तेवढ्यावर मोकळा झालेला असतो. दिग्दर्शक ‘ते नंतर बघू’ म्हणतो आणि ते ‘नंतर’ एकदम रंगीत तालमीच्या रात्री उगवतं. मुलगी अंग चोरते, मुलगा तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला स्वच्छ दिसतं की समोर नवरा-बायको नाहीत, अवघडलेली दोन पोरं उभी आहेत.

हे प्रसंग नीट बसवणं हे आता स्वतंत्र काम आहे. नाटकात ते करणाऱ्याला इंटिमसी डायरेक्टर म्हणतात, सिनेमा-मालिकेत इंटिमसी कोऑर्डिनेटर. तलवारबाजी किंवा मारामारी जशी पावलापावलाने बसवलेली असते तशीच जवळीकही बसवावी, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत टोनिया सिना यांनी त्याची पद्धत मांडली आणि २०१६ मध्ये अलिसिया रोडिस व शिवॉन रिचर्डसन यांच्यासोबत या कामासाठी संस्था काढली. २०१८ मध्ये एचबीओ या वाहिनीने आपल्या मालिकांतल्या अशा सगळ्या प्रसंगांना कोऑर्डिनेटर ठेवायचं ठरवलं, २०२० मध्ये तिथल्या कलाकारांच्या युनियनने, सॅग-आफ्ट्राने, नियमावली काढली. आपल्याकडे आस्था खन्ना यांना देशातल्या पहिल्या प्रमाणित कोऑर्डिनेटर म्हणून ओळखतात. प्रशिक्षित माणसं अजून थोडी आहेत आणि बरीचशी मुंबईत. हौशी ग्रुपला दर वेळी बोलावणं परवडेलच असं नाही. पण त्यांची कामाची रीत समजून घेतली तर आपल्याकडे सर्रास होणाऱ्या बऱ्याच चुका टळतात.

‘घरचाच ग्रुप आहे, एवढं काय?’

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या तिच्यातूनच निघतात. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे पहिला खेळ केला तेव्हापासून आपण नाटक करतोय, आम्हाला हे कोण शिकवणार, असं मानणारे ज्येष्ठ मी तालमीत पाहिले आहेत. त्यांचं नाटकावरचं प्रेम खरं आहे. पण परंपरा जुनी असली म्हणून विशीतल्या मुलीला ‘नाही’ म्हणणं सोपं होत नाही.

उलट गाव लहान तितकं ते अवघड. दिग्दर्शक तिच्या कॉलेजातले सर असतात. निर्मितीप्रमुख वडिलांच्या ओळखीचे. समोरचा नट तिच्या मैत्रिणीचा भाऊ, ज्याला ती एरवी दादा म्हणते. अशा ठिकाणी कुणी दटावत नाही, धमकी देत नाही, आणि तरीही ती नको असलेल्या गोष्टीला मान डोलावते, कारण ‘सर काय म्हणतील’. घरच्यासारखं वातावरण ही आपल्या ग्रुपची ताकद आहे हे मी मनापासून मानतो. पण संमतीच्या बाबतीत त्याच घरपणाचं ओझं होतं. म्हणून विश्वासावर न सोडता रीत घालून द्यावी लागते.

‘चालेल ना?’ असं सगळ्यांसमोर विचारणं

पंधरा जण सतरंजीवर बसलेत, चहा आलाय, आणि दिग्दर्शक विचारतो, ‘काय गं, इथे मिठी आहे, चालेल ना?’ याला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं.

विचारायचं ते भूमिका देतानाच, एकेकट्याला, आणि प्रसंगात नेमकं काय आहे ते सांगून. ‘थोडासा रोमँटिक सीन’ असं मोघम सांगू नका. मिठी आहे, कपाळाला ओठ टेकवायचेत, साडीचा पदर ओढला जातो, असं शब्दांत सांगा. प्रश्नही असा ठेवा की नकार द्यायला वाट राहील : ‘यातलं काय करायला नको वाटतं? शरीराच्या कुठल्या भागाला हात लागलेला चालणार नाही?’ उत्तर लगेच मागू नका. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालेल, असं आपणहून सांगा. कारण विचारू नका. नको म्हणजे नको, त्याला खुलासा लागत नाही.

आणि हे मुलांनाही विचारा. पुरुष नटाला कुणी कधी विचारतच नाही, जणू त्याला काही अवघडलेपण नसतंच. बलात्काराच्या प्रसंगात हल्लेखोराचं काम करणारा मुलगा तालीम संपल्यावर समोरच्या नटीशी नजर मिळवू शकत नाही, हे आपण पाहून न पाहिल्यासारखं करतो.

‘तुम्ही दोघं बाजूला जाऊन बघून घ्या’

तलवारीचा प्रसंग असता तर कुठल्याही दिग्दर्शकाने असं सांगितलं असतं का? तिथे आपण कोन ठरवतो, अंतर ठरवतो, आधी सावकाश करून घेतो. मिठीच्या वेळी मात्र ‘फील येऊ द्या’ म्हणून मोकळे होतो.

समजा, नवरा लांबच्या गावी निघालाय आणि बायको दारात आहे. हा प्रसंग असा बसवता येतो. तो दोन पावलं पुढे येऊन थांबतो. ती जागची हलत नाही. त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्यावर, बोटं मानेला लागत नाहीत. तीन मात्रा तसंच. ती मान वर करते. तिचा हात त्याच्या पाठीवर, खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये, त्याच्या खाली उतरत नाही. वरची अंगं जवळ, कमरेपाशी वीतभर अंतर. पाच मात्रा. आधी ती सुटते, मग तो. हे सगळं संहितेच्या प्रतीत, त्या वाक्याच्या समोर पेन्सिलने लिहायचं.

एवढं ठरलं की नटांच्या डोक्यातला ‘आता हा काय करेल’ हा धाक जातो आणि अभिनयाला जागा मिळते. ‘ती आधी सुटते’ या एका गोष्टीतून केवढं कळतं बघा : जाणाऱ्याला थांबायचंय आणि राहणारीने मन घट्ट केलंय. बसवलेली जवळीक यांत्रिक दिसते म्हणणाऱ्यांनी एकदा असं करून पाहावं.

दिग्दर्शकाच्या तोंडी कामाचे शब्द असले पाहिजेत. ‘तिला जरा कुरवाळ’, ‘अजून हॉट पाहिजे’ असल्या सूचनांनी काहीच ठरत नाही, फक्त तालमीतलं वातावरण बिघडतं. ‘हात कोपरापासून मनगटापर्यंत, सावकाश, नुसता कपड्याला लागेल इतका’ ही सूचना झाली. चुंबनासाठी तर मंचावर ओठ लागायची गरजही नसते. एकाची पाठ प्रेक्षकांकडे, डोक्याचा कोन आणि प्रकाश नीट धरला की काम भागतं. कॅमेऱ्यापुढे लांब लेन्स लावली तर मागेपुढे उभी असलेली दोन माणसं प्रत्यक्षापेक्षा बरीच जवळ दिसतात. छायाचित्रकाराला आधीच सोबत बसवा.

एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो

नाही. पहिल्या तालमीत चाललेली गोष्ट विसाव्या प्रयोगाला नको वाटू शकते. अंगात ताप आहे, पाळी आहे, घरी कुणी वारलंय, कारण काहीही असेल. करारात लिहिलंय म्हणून त्या दिवशीची संमती गृहीत धरता येत नाही. आणि नट बदलला तर नवी जोडी शून्यापासून बसवायची. ‘आधीच्याने हे सगळं केलं होतं’ हे वाक्य नव्या माणसाला ऐकवू नका.

नाटकात आणखी एक होतं. प्रयोगागणिक प्रसंग सरकत जातो. भावे नाट्यमंदिरात टाळ्या पडल्या, साताऱ्यात शाहू कलामंदिरात कुणी शिट्टी मारली, की नट दोन मात्रांची मिठी सहा मात्रांवर नेतो. वाईट हेतू नसतो, प्रतिसादाची नशा असते. पण समोरच्या बाईने सहा मात्रांना होकार दिलेला नव्हता. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी, मेकअपनंतर, पडद्यामागे तो प्रसंग संवादांशिवाय एकदा सावकाश करून घ्यायचा. मारामारीच्या प्रसंगाची अशी उजळणी चांगल्या नाटक कंपन्या करतातच. पाच मिनिटं लागतात. रंगमंच व्यवस्थापकाने प्रत हातात धरून पाहावं आणि फरक पडला तर त्याच रात्री सांगावं.

कुणीतरी ताई उभी करणं

मालिकेच्या सेटवर हल्ली हा प्रकार दिसतो. ‘कोऑर्डिनेटर पाहिजे ना? मग कॉस्च्युमवाल्या ताईंना उभं करा.’ ताई भल्या असतात, नटीला शाल देतात, धीर देतात. पण दिग्दर्शक ‘अजून एक टेक, पदर जरा खाली’ म्हणाला तर त्यांना ‘थांबा’ म्हणता येत नाही, कारण त्यांची रोजी त्याच युनिटवर आहे. कोऑर्डिनेटर शूटिंगच्या कितीतरी आधी संहिता वाचतो, मोघम ओळींचा अर्थ दिग्दर्शकाकडून काढून घेतो, नटांशी वेगवेगळं बोलतो, ठरलेलं लेखी करतो, कपडेपटाला आणि कॅमेऱ्याला कळवतो, आणि सेटवर ठरल्यापेक्षा वेगळं घडलं तर थांबवतो. तो सेन्सॉर नाही, दिग्दर्शकाच्या प्रसंगाला कात्री लावायला आलेला नाही.

मग लहान ग्रुपने काय करावं? अनावृत शरीर, संभोगाचा आभास किंवा लैंगिक हिंसा असलेला प्रसंग असेल तर प्रशिक्षित माणसाशिवाय करूच नका. निदान ऑनलाइन दोन-तीन बैठका घ्या. तेही जमत नसेल तर प्रसंग दुसऱ्या रीतीने सांगा, आवाजातून सांगा, सावलीतून सांगा. बाकी प्रसंगांसाठी ग्रुपमधलं असं माणूस नेमा ज्याला दिग्दर्शकाला अडवायची मुभा आहे, आणि ती मुभा दिग्दर्शकाने स्वतः, सगळ्यांसमोर जाहीर करावी.

उघड्यावरचा ‘क्लोज्ड सेट’

वाई आणि मेणवलीच्या घाटावर शूटिंगला माणसं लोटतात. नदीत भिजलेल्या साडीचा प्रसंग तिथे घेताना ‘क्लोज्ड सेट आहे’, म्हणजे गरजेपुरतीच माणसं आत, असं कॉलशीटवर (दिवसाच्या कामाच्या पत्रकावर) लिहून उपयोग नसतो. पायऱ्यांवर, झाडाखाली, समोरच्या काठावर मोबाइल रोखलेले असतात. घाटाचं दृश्य लांबून घ्या, जवळचे शॉट आडोशाला किंवा आत घ्या.

गावकऱ्यांइतकीच काळजी युनिटची घ्या. मॉनिटर कुठे आहे आणि त्याच्यामागे कोण कोण उभं आहे? पडद्यामागचे रील काढणारा पोरगा आत आहे का? तालमीचा फोटो ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर गेलाय का? लेपल माइक, म्हणजे कपड्याला लावलेला छोटा माइक, ही हमखास राहून जाणारी गोष्ट : कट झाल्यावर नटी कोऑर्डिनेटरशी खाजगी बोलते आणि ते हेडफोन लावलेल्या सगळ्यांना ऐकू जातं. कट म्हटलं की माइक बंद.

कपड्यांच्या बाबतीत, भिजायच्या साडीखाली अंगाच्या रंगाचं अस्तर हवंच. बाजारात ‘स्किन कलर’ म्हणून जे मिळतं ते आपल्याकडच्या बहुतेकांच्या रंगाशी जुळत नाही. सुती असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून रंग जुळवता येतो. अंगाला चिकटवायची टेप आदल्या दिवशी हातावर लावून पाहा, पुरळ येणारी माणसं असतात. थंडीत वाईचं पाणी गार असतं. पंचा, झगा आणि गरम पाणी हे ‘कट’च्या आधी तयार पाहिजे, नंतर शोधायला पळू नका.

कायदा आपल्याला लागू नाही, हा समज

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त पगारी कर्मचाऱ्यांपुरता नाही, बिनपगारी आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या महिलाही त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता तालमीच्या जागी लावून ठेवा. तक्रारीची मुदत तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. बालकलाकार असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मूल असलेल्या दृश्यात मोठ्यांच्या जवळिकीचा भाग असेल तर तेवढ्या वेळेपुरतं मुलाला तिथून बाहेर ठेवा आणि शॉट वेगळे घ्या.

ऐनवेळी ‘आज नाही जमणार’ आलं तर

पहिली घंटा व्हायची आहे, तिकिटं गेलीत, आणि नटी सांगते की आज मिठी नको. बहुतेक ग्रुप इथे समजूत घालायला बसतात : एवढे लोक आलेत, एक दिवस चालवून घे. ही समजूत म्हणजेच दबाव. त्याऐवजी प्रत्येक जवळिकीच्या प्रसंगाचा दुसरा पर्याय तालमीतच बसवून ठेवा, त्याच संवादांवर, त्याच प्रकाशात. वरच्या, गावी निघालेल्या नवऱ्याच्या प्रसंगात तो खांद्याला हात लावत नाही, उंबऱ्यावरची पिशवी उचलतो, ती पिशवीचा दुसरा बंद धरून ठेवते आणि पाच मात्रांनी सोडते. प्रकाशयोजनाकाराला आणि संगीत देणाऱ्याला दोन्ही पर्याय माहीत हवेत, आणि ‘आज दुसरा’ एवढा निरोप विंगेत पोचला की पुरे. कुणी नको म्हटलं ते विंगेत कळायची गरज नाही.