हायब्रिड गाडीचं इंजिन घाटात ओरडतं तेव्हा: या चुका टाळा

‘अरे, गिअर बदल ना!’ बोरघाट चढताना मागच्या सीटवरून बाबा तिसऱ्यांदा म्हणाले. वेग पन्नासच्या आसपास, समोर कंटेनर आणि बॉनेटखाली इंजिनाचा एकच वरचा सूर लागलेला. तो उतरतही नव्हता आणि वेगाबरोबर वाढतही नव्हता. बाबांनी आयुष्यभर डिझेल गाड्या चालवल्या. इंजिन एवढं ओरडतंय म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये अडकली, नाहीतर क्लचप्लेट गेली, असं त्यांचा कान सांगत होता. साध्या गाडीत ते बरोबरच ठरलं असतं. आमच्या दीड लिटरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिनासोबत मोठी इलेक्ट्रिक मोटर, जी एकटीही गाडी ओढू शकते) मात्र बदलायला गिअर नाहीत आणि जळायला क्लचप्लेटही नाही.

हायब्रिड घेतलेल्या ओळखीच्या लोकांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. आवाजाला घाबरून लोक जे उपाय करतात, त्यातले बरेचसे गाडीला त्रासाचे असतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी आपली हायब्रिड कोणती, ते बघा

मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. माइल्ड म्हणजे ‘स्मार्ट’ हायब्रिडमध्ये नेहमीचा गिअरबॉक्स असतो, इलेक्ट्रिक मदत अगदी थोडी. तिथे मॅन्युअल गाडीचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतोय आणि वेग वाढत नाही, तर क्लच तपासाच. तिथे बाबांचंच खरं. पुढचं सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे: हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराचं स्ट्राँग मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटी ई-एचईव्ही.

चूक: आवाजावरून वेगाचा अंदाज बांधणं

टोयोटाने १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली, तेव्हापासूनची त्यांची मूळ रचना आजही तीच आहे; ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग मॉडेलमध्येही तीच. मधोमध एक ‘सूर्य’ गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे ‘ग्रह’ गिअर आणि बाहेरून एक कडं. सूर्याला जनरेटर जोडलेला, ग्रहांच्या चौकटीला इंजिन, कड्याला मोठी मोटर आणि चाकं. हे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. जनरेटर किती वेगाने फिरवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यावरून इंजिनाचा आरपीएम ठरतो. त्यामुळे चाळीसच्या वेगाला इंजिन चार हजारांवर असू शकतं आणि उतारावर साठच्या वेगाला पूर्ण बंदही. होंडाची पद्धत वेगळी आहे. तिथे इंजिन बहुतेक वेळ जनरेटरच फिरवतं, चाकं मोटर ओढते आणि हायवेच्या स्थिर वेगाला इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं. कानाला मात्र दोन्हीकडे अनुभव सारखाच येतो.

यात बेल्ट नसतो. साध्या सीव्हीटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बेल्ट असतो, म्हणून या रचनेच्या ‘ई-सीव्हीटी’ या नावामुळे घोटाळा होतो. एका ओळखीच्यांना गॅरेजवाल्याने ‘सीव्हीटीचा बेल्ट घसरतोय’ असं सांगून खर्चाचा आकडाही काढून दिला होता. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये असं कुणी म्हणालं, तर तिथे गाडी खोलू देऊ नका.

चूक: घाटही बॅटरीवर चढेल असं समजणं

हे घरच्या वीजबिलाच्या भाषेत मांडतो. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन सोळाशे किलो, खोपोलीकडून खंडाळ्यापर्यंत चढ साधारण पाचशे मीटर. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. हायरायडर किंवा ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड बॅटरीत मावतं ०.७६ युनिट, म्हणजे पाऊण. त्यातही कॉम्प्युटर बॅटरी तळाशी जाऊ देत नाही की काठोकाठ भरू देत नाही. वापरायला मिळतो तो मधला भाग.

उरलेलं सगळं इंजिनालाच करावं लागतं. हे दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं. पेट्रोल वाचवण्यात हुशार, पण खालच्या आरपीएमला जोर कमी. त्याची ९२ पीएसची पूर्ण ताकद ५,५०० आरपीएमला मिळते. म्हणून चढाला कॉम्प्युटर त्याला वर नेऊन तिथेच धरून ठेवतो. तीन सिलिंडरचा आवाज मुळातच जरा घरघरता, त्यामुळे तो जास्त जाणवतो. चार सिलिंडरच्या हायक्रॉसमध्ये हेच बरंच सौम्य लागतं.

इथे सगळ्यात जास्त नडतं ते घाटाआधी ईव्ही बटण (गाडी फक्त बॅटरीवर चालवणारं) दाबून बॅटरी रिकामी करणं. खोपोलीत शांतपणे वीज वापरून टाकली की घाटात इंजिनाला गाडीही ओढायची आणि बॅटरीही सावरायची, अशी दोन कामं पडतात. मी घाटाच्या पायथ्याला बॅटरीच्या निम्म्याहून जास्त पट्ट्या राहतील असं बघतो, तेवढ्याने पहिल्या अवघड वळणांवर फरक कळतो.

दुसरी गोष्ट पायाची. ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन थेट वरच्या टोकाला जातं आणि पाय हलेपर्यंत तिथून हटत नाही. हवा तो वेग आला की पाय किंचित सैल करा. अगदी बोटभर. वेग एक-दोन किलोमीटरने उतरतो, पण आवाज एकदम खाली येतो. ही सवय लागायला मला दोन महिने लागले, आणि हायब्रिड चालवण्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे असं माझं मत आहे.

क्रूझ कंट्रोल घाटात बंद ठेवा. ठरवलेला वेग टिकवायला ते प्रत्येक चढाला इंजिन ताणतं. आणि घाटातल्या जॅममध्ये गाडी चढावर अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरू नका. मोटर जागच्या जागी ताण घेते आणि तापते. ब्रेक किंवा ब्रेक होल्ड वापरा.

चूक: उतारावर इंजिन ओरडलं म्हणून न्यूट्रल टाकणं

ही चूक धोक्याची आहे. लांब उतारावर अर्ध्या वाटेत बॅटरी भरते आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन अचानक चढत्या सुरात गर्जायला लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता.

हिशोब वरचाच आहे, फक्त उलटा. चढताना खर्चलेली दोनेक युनिटं उतरताना परत येतात. थोडी हवेत आणि टायरमध्ये जिरतात, पण उरलेल्यांना पाऊण युनिटाच्या बॅटरीत जागा पुरत नाही. मग टोयोटाच्या रचनेत मोटरने उतारावर बनवलेली वीज जनरेटरला जाते आणि जनरेटर त्या विजेवर इंजिन नुसतंच फिरवतो. पेट्रोलचा थेंबही न जाळता इंजिन हवा दाबत राहतं आणि जास्तीची ऊर्जा तिथे जिरते. तो आवाज म्हणजे इंजिन ब्रेकिंग. त्या वेळी क्षणिक मायलेजची पट्टी बघा, शेवटाला टेकलेली दिसेल.

अशा वेळी न्यूट्रल टाकला तर हा आधार जातो आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. उलट गिअरच्या दांड्यावर ‘बी’ (इंजिन ब्रेकिंग वाढवणारा पर्याय) असेल तर तीव्र उतारावर तो वापरा. आवाज वाढेल, तो वाढू द्या. सपाटीला आलात की परत ‘डी’मध्ये.

न्यूट्रलबद्दल आणखी एक. सिग्नलला न्यूट्रल टाकायची आपल्याला जुनी सवय असते. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी मात्र तिच्यावरच चालू राहतो. मेच्या उन्हात पंधरा मिनिटं असं उभं राहिलात की बॅटरी उतरते आणि पुढे निघताना इंजिन ती भरायला जोरात चालतं. ‘डी’मध्ये ब्रेकवर थांबा. जॅम मोठा असेल तर ‘पी’.

चूक: पंख्याची जाळी विसरणं, तेल अंदाजाने टाकणं

हायब्रिड बॅटरी केबिनमधली हवा ओढून थंड होते. ती जाळी कुठे आहे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं. आमच्या गाडीची मी उघडली तेव्हा फिल्टरवर कुत्र्याच्या केसांचा आणि धुळीचा करडा नमदा बसला होता, बोटाने उचलला तर सबंध निघाला. तिथे हवा अडली की पंखा घोंघावतो, बॅटरी तापते, कॉम्प्युटर तिचा वापर कमी करतो आणि ओझं इंजिनावर जातं. जाळीला टेकवून पिशव्या ठेवू नका.

तेलाबाबत मॅन्युअल सांगतं तोच ग्रेड हवा. ही इंजिनं अतिशय पातळ तेलावर चालण्यासाठी बनवलेली आहेत. ‘आवाज कमी होईल’ म्हणून जाड तेल टाकू नका, पातळी खुणेच्या वरही नेऊ नका. एअर फिल्टर बघा. पावसाळ्यात बॉनेटखालचं अस्तरही बघा. पार्किंगमधले उंदीर ते कुरतडतात आणि मग तोच आवाज दुप्पट ऐकू येतो.

खरंच बिघाड असेल तर

थंड इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर जोरात चालणं नेहमीचं आहे, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. पण त्या वेळी खडखड होऊन अख्खी गाडी हादरत असेल तर ते नेहमीचं नाही. परदेशात जुनी प्रियस वापरणाऱ्यांनी, विशेषतः २०१० ते २०१५ दरम्यानच्या तिसऱ्या पिढीच्या गाड्यांत, हे लक्षण अंगावर काढू नये. ईजीआरमध्ये (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) साचलेली काजळी आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधली सील), दोन्ही तपासून घ्यावं.

सपाट रस्ता, साठचा स्थिर वेग, बॅटरी निम्मी, तरी आरपीएम वरच, हे तपासण्यासारखं आहे. बॅटरीच्या पट्ट्या काही मिनिटांत भरून लगेच उतरत असतील, तर तेही. कूलंटची पातळी कमी असेल, धातू घासल्यासारखं ऐकू येत असेल किंवा डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका. नारिंगी केबलला (त्यातून जास्त दाबाची वीज वाहते) मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. प्रशिक्षित माणूसच हवा.

वर्कशॉपला जाताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगितलं, तर ते सपाट रस्त्यावर एक चक्कर मारतात आणि ‘काही नाही’ म्हणून गाडी परत देतात. शेजारच्या सीटवरच्याला व्हिडिओ काढायला सांगा. त्यात वेग, बॅटरीच्या पट्ट्या, एनर्जी मॉनिटरवरचे बाण आणि आवाज, चारही एकत्र यायला हवेत. चढ होता की उतार, एसी चालू होता का, किती माणसं होती, हे लिहून ठेवा. आमच्याकडे हे काम आता बाबा करतात. घाट लागला की ते स्वतःच पुढे येऊन बसतात आणि पट्ट्या मोजत असतात.