ऑब्लिव्हियन खेळताना या चुका टाळा : दोष गेमचा, भुर्दंड खेळणाऱ्याला

बेथेस्डा गेम स्टुडिओजचा 'दी एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन' हा रोलप्लेइंग (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) गेम २० मार्च २००६ रोजी बाजारात आला आणि तुरुंगाखालच्या गटारातून बाहेर पडल्यावर दिसणारे ते तळे, पलीकडच्या काठावरचे आयलीड लोकांचे पांढरे भग्नावशेष आणि जेरेमी सोल यांचे संगीत यांनी तेव्हापासून अनेकांना कायमचे बांधून ठेवले. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक आहे. मात्र या गेमवर प्रेम करणाऱ्याने त्याची एक गोष्ट नव्या खेळाडूपासून लपवू नये. सरळ मनाने, हाताला येईल तसे खेळत गेल्यास हा गेम पंधराव्या-विसाव्या लेव्हलच्या (पात्राच्या प्रगतीच्या पायरीच्या) आसपास अशक्य वाटू लागतो, आणि खेळाडू आपलेच काहीतरी चुकले असे समजून तो अर्धवट सोडून देतो. खाली दिलेल्या चुका खेळाडूकडून होतात हे खरे असले, तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच सदोष रचनेत आहे. शत्रू कोणता आणि किती बळकट असावा, पेटीत कोणती वस्तू सापडावी आणि बक्षीस कोणत्या प्रतीचे मिळावे, हे सर्व हा गेम तुमच्या लेव्हलच्या आकड्यावरून ठरवतो, आणि त्या आकड्यामागे खरोखर किती ताकद आहे याची तो कधीच चौकशी करत नाही.

आवडीची स्किल्स 'मेजर' म्हणून निवडणे

गेममध्ये एकूण २१ स्किल्स, म्हणजे कौशल्ये, आहेत आणि त्यांतील ७ मेजर (मुख्य) म्हणून निवडावी लागतात; उरलेली मायनर राहतात. या मेजर स्किल्समध्ये मिळून १० वाढी झाल्या की पलंगावर झोपून पुढची लेव्हल घेता येते. लेव्हल घेताना तीन ॲट्रिब्यूट, म्हणजे ताकद, वेग यांसारखे पात्राचे मूळ गुण, वाढवायचे असतात. पण प्रत्येक ॲट्रिब्यूट कितीने वाढेल, हे मागच्या लेव्हलपासून त्याच्या अखत्यारीतली स्किल्स किती वेळा वाढली यावर अवलंबून असते. एकही वाढ नसेल तर फक्त १, एक ते चार वाढी असतील तर २, पाच ते सात असतील तर ३, आठ-नऊ असतील तर ४ आणि दहा किंवा अधिक असतील तर ५, असा हा हिशेब आहे. लक हे ॲट्रिब्यूट तर काहीही केले तरी एका वेळी एकानेच वाढते.

आता एका तलवारबाजाचे उदाहरण घेऊ. त्याने ब्लेड, ब्लॉक, हेवी आर्मर आणि आर्मरर यांच्यासोबत ॲथलेटिक्स, ॲक्रोबॅटिक्स आणि मर्कंटाइल हीसुद्धा मेजर म्हणून घेतली, कारण धावणे, उड्या मारणे आणि सापडलेला माल विकणे ही कामे रोजच करायची आहेत. इम्पीरियल सिटीपासून कोरोलपर्यंत तो उड्या मारत, धावत गेला, तिथल्या दुकानात पोतडी रिकामी केली, आणि एवढ्यावरच ॲथलेटिक्सच्या चार, ॲक्रोबॅटिक्सच्या तीन व मर्कंटाइलच्या तीन अशा दहा वाढी पुऱ्या झाल्या. सरायीत झोपल्यावर त्याला स्पीडमध्ये ३, पर्सनॅलिटीमध्ये २ आणि ज्यावर त्याच्या तलवारीचा घाव अवलंबून आहे त्या स्ट्रेंग्थमध्ये अवघा १ गुण मिळाला. त्याची लेव्हल वाढली आणि जंगलातले लांडगे, दरोडेखोर, गॉब्लिनही एक पायरी वर चढले. तलवारीचे पाते मात्र होते तिथेच राहिले. असे पाच-सात वेळा झाले की पुढच्या सगळ्या तक्रारींची तजवीज झालीच म्हणून समजावे.

यावरचा प्रचलित उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण तो लागू पडतो : जी स्किल्स नकळत आपोआप वाढतात ती मेजरमध्ये घेऊ नयेत. ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्स तर मुळीच घेऊ नयेत. त्याऐवजी, केव्हा वापरायची हे ज्यांच्याबाबत आपल्या हाती राहते अशी स्किल्स मेजर ठेवावीत आणि प्रत्येक महत्त्वाच्या ॲट्रिब्यूटच्या तीन स्किल्सपैकी किमान एक मायनर राहील असे पाहावे, म्हणजे लेव्हलचा काटा न हलवता त्या ॲट्रिब्यूटसाठी दहा वाढी जमवता येतात. प्रशिक्षकाकडून प्रत्येक लेव्हलला पैसे देऊन ५ वाढी विकत घेता येतात. त्या शक्यतो मायनर स्किल्सवरच खर्च कराव्यात. रोलप्लेइंग म्हणवणाऱ्या गेममध्ये आपले पात्र ज्यात तरबेज आहे ते कमीत कमी वापरण्याचा सल्ला द्यावा लागणे, यापेक्षा या पद्धतीवर कडक टीका ती कोणती असणार?

गटाराच्या दाराशी वंश, क्लास आणि जन्मरास बदलण्याची शेवटची संधी मिळते. त्या दारापाशी केलेली सेव्ह (खेळाची साठवलेली नोंद) वेगळी जपून ठेवावी, म्हणजे पुन्हा नव्याने सुरुवात करायची झाल्यास तुरुंगातला सारा भाग परत खेळावा लागत नाही.

एन्ड्युरन्स मागे ठेवणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण तिची पुरती भरपाई पुढे होत नाही. प्रत्येक नव्या लेव्हलला तुमच्या हेल्थमध्ये त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या (तग धरण्याच्या ताकदीच्या) १० टक्के भर पडते. एन्ड्युरन्स ४० असेल तर ४ आणि १०० असेल तर १०, असा फरक दर लेव्हलला पडत जातो, आणि विसाव्या लेव्हलला एन्ड्युरन्स शंभरावर नेले तरी आधीच्या लेव्हल्समध्ये बुडालेली भर मागाहून मिळत नाही. म्हणून जादूगार असा वा चोर, पहिल्या काही लेव्हल्समध्ये एन्ड्युरन्सला प्राधान्य द्यावे. त्यासाठी आर्मरर हे स्किल फार सोयीचे आहे. सापडेल ते मोडके चिलखत हातोड्याने दुरुस्त करत राहिले की ते वाढते, आणि ५० वर पोचल्यावर जादूने भारलेल्या वस्तूही घरच्या घरी दुरुस्त करता येतात.

क्वाच पुढे ढकलणे

गेमची मुख्य कथा सुरुवातीलाच क्वाच या जळत्या शहराकडे बोलावते. पण मोकळे जग समोर असल्यामुळे खेळाडू म्हणतो की आधी गिल्डची (गेममधल्या संघटनांची) कामे उरकू, अंगात बळ आणू आणि मग लढाईला जाऊ. इतर कुठल्याही गेममध्ये हे शहाणपणाचे ठरले असते. इथे मात्र पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला क्वाचमध्ये स्कॅम्प हे किरकोळ राक्षस भेटतात आणि विसाव्या लेव्हलनंतर त्याच गल्ल्यांत डेड्रॉथ, स्पायडर डेड्रा आणि झिव्हिलाय हे बलाढ्य राक्षस उभे असतात. सोबतचे शिपाई त्यांच्यापुढे पटापट पडतात आणि चर्चकडे जाणारी वाट तुम्हाला जवळजवळ एकट्याने लढवावी लागते. क्वाच लवकर उरकावे. एकदा ते झाले की सिरोडील या गेममधल्या प्रांतभर ऑब्लिव्हियन या राक्षसी दुनियेचे दरवाजे उघडू लागतात हा त्याचा तोटा आहे, पण तो सोसण्यासारखा आहे, कारण प्रत्येक दरवाज्याच्या शेवटी मिळणाऱ्या सिजिल स्टोन या जादूच्या दगडाने जादूगारांच्या आर्केन युनिव्हर्सिटीत प्रवेश नसतानाही शस्त्र किंवा चिलखत जादूने भारता येते.

या दरवाज्यांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या दरवाज्याच्या आतली लाल आकाशाची, लाव्ह्याची दुनिया अंगावर येते. तिसऱ्यानंतर तीच दुनिया, तेच मनोरे आणि त्याच जिन्यांचा कंटाळा येतो. ब्रूमा शहराच्या रक्षणासाठी इतर शहरांची मदत मागायची क्वेस्ट (मोहीम) सुरू झाली की प्रत्येक शहर आधी आपल्या वेशीवरचा दरवाजा बंद करायला सांगते आणि कथेचा वेग तिथे पार मंदावतो. ही मदत ऐच्छिक आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन शहरे करून पुढे गेले तरी काही अडत नाही. सिजिल स्टोन मात्र सतराव्या लेव्हलपासून सर्वांत वरच्या प्रतीचा मिळतो, आणि नेमका कोणता गुण हाती येईल ते दैवावर असल्यामुळे तो उचलण्याआधी सेव्ह करणे हा सर्वमान्य शिरस्ता आहे.

बक्षिसाची वेळ चुकणे

अनेक क्वेस्टमधून मिळणारी खास शस्त्रे ती मिळताना तुमची जी लेव्हल असेल त्या प्रतीची असतात आणि पुढे कायम तशीच राहतात. कोरोलच्या व्हॅलस ओडीलची क्वेस्ट पाहा. हा म्हातारा आपल्या रॅलस आणि अँटस या दोन मुलांच्या काळजीत असतो. शेतावर चालून येणाऱ्या गॉब्लिनांशी त्यांच्या बाजूने लढायचे आणि ते वाचले तर चिलरेंड ही देखणी, बर्फाने भारलेली तलवार मिळते. लवकर गेलात तर मुले सुखरूप राहतात, पण हाती येणारी चिलरेंड काही लेव्हल्सनंतर निकामी ठरते. उशिरा गेलात तर तलवार उत्तम प्रतीची असते, पण गॉब्लिनही तुमच्याबरोबर वाढलेले असतात आणि ती दोन पोरे त्यांच्यापुढे टिकत नाहीत. संकटातल्या माणसाच्या मदतीला तातडीने धावून जाणाऱ्याला कमी मोबदला मिळावा, हे कथेच्या दृष्टीने न पटणारे आहे, आणि या गेमचे लेखन इतरत्र एवढे चांगले असताना तर ते फारच खटकते. अशा क्वेस्ट साधारण विसाव्या लेव्हलच्या पुढे ठेवाव्यात असे वाकबगार खेळाडू सांगतात. आमच्या मते निदान ही एक तरी मुलांसाठी लवकर करावी आणि तलवारीवर पाणी सोडावे.

गेममधल्या डेड्रा देवतांच्या (अझुरा, नॉक्टर्नल वगैरेंच्या) क्वेस्टमधून मिळणाऱ्या वस्तूंबाबत वेगळी सावधगिरी हवी. मुख्य कथेत एका टप्प्यावर अशी एक वस्तू सम्राटाचा वारस मार्टिन याला द्यावी लागते आणि ती परत मिळत नाही. अझुराचा तारा हा पुन्हापुन्हा भरता येणारा सोल जेम (वस्तू जादूने भारण्यासाठी आत्मा साठवणारे रत्न) आहे आणि नॉक्टर्नलची स्केलेटन की हे कुलूप उघडण्याचे साधन कधीही मोडत नाही. या दोन्ही वस्तू चुकूनही देऊ नयेत. क्वचितच वापरली जाणारी एखादी वस्तू त्यासाठी बाजूला काढून ठेवावी. नॉक्टर्नलची क्वेस्ट दहाव्या लेव्हलनंतर मिळते आणि ती लगेच उरकावी, कारण कुलूप उघडण्याचा तो पाच खुंट्यांचा खेळ आणि तुटणाऱ्या लॉकपिक्स यांचा प्रश्न तिथेच संपतो.

आजाराकडे दुर्लक्ष करणे

व्हँपायरशी लढताना पॉर्फिरिक हीमोफिलिया हा आजार जडू शकतो. त्याची सूचना पडद्यावर क्षणभर दिसून नाहीशी होते आणि लढाईच्या गडबडीत ती वाचली जात नाही. गेममधल्या तीन दिवसांत तो बरा केला नाही, तर त्यानंतरच्या झोपेत तुमचे पात्र स्वतः व्हँपायर होते. गेममधला एक तास म्हणजे आपली दोन मिनिटे, त्यामुळे हातात सुमारे अडीच तासांपेक्षा कमी वेळ असतो. व्हँपायरच्या गुहेतून बाहेर पडताच कोणत्याही शहरातल्या चर्चच्या वेदीवर प्रार्थना करावी किंवा आजार बरा करणारे औषध घ्यावे. एवढे केले नाही तर मेलिसांडे या चेटकिणीसाठी पाच रिकामे ग्रँड सोल जेम आणि नंतर लसूण, नाइटशेड, ब्लडग्रास वगैरे गोळा करत सिरोडील पालथे घालावे लागते.

काही दोषांना खेळाडूकडे उपायच नाही. मोजक्याच कलाकारांच्या आवाजात सारी प्रजा बोलते, आणि भीक मागताना घोगऱ्या, थकलेल्या आवाजात बोलणारा भिकारी शहरातल्या अफवा विचारताच खणखणीत स्वरात उत्तर देतो. मन वळवण्याचे ते चाक, ज्यात स्तुती, बढाई, विनोद आणि धमकी या चारही गोष्टी एका दमात कराव्याच लागतात, ते संवाद म्हणून हास्यास्पद आहे. घोड्याच्या चिलखतासाठी वेगळे पैसे आकारण्याचा २००६ मधला प्रकार तर आजही चेष्टेचा विषय आहे. हे सगळे गोड मानून घ्यावे. गेमवर जीव असलेले लोक तसे घेतातच.

अडकलेली सेव्ह कशी सोडवावी

वरील चुका आधीच होऊन गेल्या असतील, तर नवे पात्र सुरू करण्यापूर्वी काही उपाय करून पाहावेत. पहिला म्हणजे अवघडपणाची पट्टी खाली आणणे. ती पट्टी शत्रूची बुद्धी बदलत नाही, फक्त घावांचा गुणाकार बदलते. अगदी वरच्या टोकाला शत्रूचे घाव सहापट आणि तुमचे एक षष्ठांश होतात. त्यामुळे ती थोडी डावीकडे सरकवण्यात कमीपणा काहीच नाही, उलट गेमने चुकवलेला हिशेब त्यामुळे जुळतो. दुसरा उपाय म्हणजे काही काळ झोपणे बंद करणे; झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही, तेव्हा त्या अवधीत चांगली शस्त्रे आणि सिजिल स्टोन जमवावेत. उलट टोकाला जाऊन अंगावरच्या पाच वस्तू प्रत्येकी २० टक्के कमिलियनने (अदृश्य करणाऱ्या जादूने) भारल्या तर कोणालाच तुम्ही दिसत नाही आणि गेममधली सारी गंमतही निघून जाते, म्हणून तो मार्ग अगदीच नाइलाज झाल्यावरचा समजावा. सेव्ह करताना क्विकसेव्हवर (एका बटणाने होणाऱ्या सेव्हवर) विसंबू नये, दर वेळी नवी सेव्ह करावी.

पीसीवर मूळ गेम खेळणाऱ्यांनी शेवटचा अधिकृत पॅच (चुका दुरुस्त करणारी पुरवणी) आणि त्यावर चाहत्यांनी तयार केलेला अनऑफिशियल पॅच बसवावा. जगाची रचनाच बदलायची असेल तर ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल हा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) आहे. त्यात पुष्कळ ठिकाणी शत्रूंची ताकद खेळाडूवर न ठरता जागेवर ठरते, म्हणजे काही गुहांमधून सुरुवातीला पळ काढावा लागतो आणि बळ आल्यावर तिथेच परत जाता येते. २२ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या रीमास्टर्ड आवृत्तीत बेथेस्डा आणि व्हर्च्युऑस यांनी लेव्हलची पद्धत सुधारली आहे : मायनर स्किल्सही आता लेव्हलसाठी मोजली जातात आणि प्रत्येक लेव्हलला मिळणारे १२ गुण आपल्या पसंतीने तीन ॲट्रिब्यूटपर्यंत वाटता येतात, त्यामुळे तलवारबाजाने उड्या मारल्याची शिक्षा आता होत नाही. शत्रू मात्र त्यातही तुमच्याबरोबर वाढतातच. तेव्हा क्वाच लवकर उरकण्याचा सल्ला नव्या आवृत्तीलाही तितकाच लागू आहे.